अनूरूचा रथ
चाकांच्या खुर्चीतून विलायतेचा प्रवास

सूर्याच्या सारथ्याचे नाव अरुण. त्यास संस्कृतात ‘अनूरु’ असेही म्हणतात. ज्यास मांड्या नाहीत तो अनूरु. विनतेने उतावीळपणे अंडे वेळेपूर्वी फोडले आणि त्यामुळे हा पुत्र अर्धवट अंगाचा जन्मास आला, अशी कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. शाळेत ही कथा आम्ही कित्येक वर्षे मुलांस सांगितली. ‘उतावीळपणा करू नये’ एवढेच तिचे तात्पर्य आम्ही फळ्यावर लिहीत असू. तिचे दुसरे तात्पर्य ध्यानात येण्यास वयाची साठी उलटावी लागली. ज्यास पाय नाहीत, तोच प्रतिदिनी आकाश आक्रमितो! अनूरूस पाय नव्हते हे खरे, परंतु त्यास रथ होता आणि त्या रथास वाट मोकळी होती. प्रवासास पायांची गरज नसते, वाटेची असते, ही गोष्ट आम्हांस कशी उमगली ते आज वाचकांस निवेदन करावयाचे आहे.

आमच्या कुटुंबास मणक्याच्या विकाराने ग्रासले त्यास आता सात वर्षे होतील. शस्त्रक्रिया झाली. प्राण वाचले, परंतु कमरेखालची शक्ती गेली. हात मात्र पूर्वीसारखेच खंबीर राहिले. चाकांची खुर्ची घरात आली. पण तिचा संचार माजघर, स्वयंपाकघर आणि ओटी एवढाच. धुळ्यातील आमच्या जुन्या घरास ओटीवरून अंगणात उतरावयास तीन पायऱ्या आहेत. त्या तीन पायऱ्यांनी एका धडधाकट मनाच्या बाईस सहा वर्षे घरात कोंडून ठेविले. दवाखान्यात जावयाचे झाले म्हणजे शेजारचे दोघे तरुण तिला खुर्चीसकट उचलून नेत आणि ती पदर तोंडावर ओढून घेई. एकदा आम्ही कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, “लोकांच्या खांद्यावरून माणसाने एकदाच जायचे असते.” आमच्याजवळ याला उत्तर नव्हते.

गतवर्षी लंडनात राहणाऱ्या मुलीचा दूरध्वनी आला. तिच्या मुलाची मुंज तेथेच करण्याचे ठरले होते. “बाबा, आईला घेऊनच या. आजी नसेल तर मुंज पुढे ढकलू,” असे ती म्हणाली. इकडे कुटुंबाने रात्री आम्हांस निराळेच सांगितले : “अहो, तुम्ही एकटेच जाऊन या. मी आले तर मुंज राहील बाजूला आणि सगळे माझ्याच मागे धावतील.” खरे सांगावयाचे तर आमच्याही मनात तेच होते. आम्ही ते बोललो नव्हतो, पण तिने ते ओळखले होते आणि आमची अडचण स्वतःच्या तोंडाने बोलून दाखविली होती. त्या रात्री आम्हांस स्वतःची लाज वाटली आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही या विषयाची माहिती गोळा करावयास बसलो.

आपल्या समाजात परदेशगमनाचा प्रश्न नवा नाही. समुद्रोल्लंघन कलियुगात वर्ज्य मानिलेले होते आणि विलायतेहून परतलेल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यक शिकण्याकरिता अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांस किती बोलणी खावी लागली हे सर्वश्रुत आहे. त्या फिलाडेल्फियाहून १८८६ साली डॉक्टर होऊन आल्या आणि पुढे दोन पिढ्यांत तो निर्बंध आपोआप विरघळला. आज घरोघरची मुले परदेशी आहेत. त्यांच्या आईबापांस आता शास्त्र अडवीत नाही, पायरी अडविते. शास्त्रास पळवाट तरी होती. पायरीस तीही नाही!

चाकांच्या खुर्चीचा इतिहास पाहू गेल्यास एक गोष्ट प्रामुख्याने दिसते. तिच्यातील मोठ्या सुधारणा, ज्यांना तिची गरज होती त्यांनीच केल्या. जर्मनीतील न्यूरेंबर्गजवळचा श्टेफान फार्फ्लर हा घड्याळजी स्वतः पायांनी अधू होता. त्याने १६५५ च्या सुमारास हाताने दांडा फिरवून चालविण्याची तीनचाकी खुर्ची बनविली. पुढे अमेरिकेत खाणीतील अपघाताने अपंग झालेले हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३३ साली पोलादी नळ्यांची, घडी होणारी खुर्ची तयार केली. घडी होऊ लागली म्हणून ती मोटारीत मावू लागली आणि मोटारीत मावू लागली म्हणून अपंग मनुष्य गावाबाहेर पडू लागला. घरातील खुर्चीचे वाहन झाले ते येथून.

वाहन मिळाले तरी जावयाचे कोठे, हा प्रश्न राहिलाच. त्याचे उत्तर इंग्लंडातील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी दिले. नाझी राजवटीत जर्मनी सोडावी लागलेले हे डॉक्टर पाठीच्या कण्यास इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करीत. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनचे ऑलिंपिक सामने सुरू झाले त्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर खुर्चीत बसणाऱ्या १६ स्त्रीपुरुषांच्या धनुर्विद्येच्या स्पर्धा घेतल्या. आजच्या पॅरालिंपिकचे हे बीज होय.

आपल्या महाराष्ट्राचा मान येथे मोठा आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे लष्करात होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले. त्यांनी १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोहण्याच्या ५० मीटरच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारे ते पहिले भारतीय पॅरालिंपिकपटू होत. सरकारने २०१८ साली त्यांस पद्मश्री दिली. हे सामने हायडेलबर्गला का झाले, हेही जाणण्यासारखे आहे. त्या वर्षीचे ऑलिंपिक म्युनिक येथे झाले. परंतु तेथील क्रीडाग्रामातील घरे सामन्यांनंतर खाजगी निवासासाठी द्यावयाची असल्याने अपंग खेळाडूंस ती मिळाली नाहीत. जगाच्या अंगणातही पाहुण्यांस ओटी मिळण्यास वेळ लागला, एवढाच याचा अर्थ.

दुसरे नाव कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे. सोळाव्या वर्षी त्यांच्या कमरेखालील अंगातील शक्ती गेली. पुढे १९८४ साली त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली आणि ‘चाकाची खुर्ची’ या नावाने आत्मचरित्र लिहिले. आमच्या खानदेशातही जळगावी दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ हा दिव्यांग विद्यार्थ्यांचा निवासी प्रकल्प आहे. तेव्हा हा विषय परक्यांचा आहे असे कोणी समजू नये.

आता व्यवहाराकडे वळू. कायद्याने अपंग प्रवाशास काय दिले आहे, हे प्रथम जाणून घ्यावे. युरोपीय संघाने २००६ साली केलेल्या नियमानुसार विमानतळावरील साहाय्य विनामूल्य मिळते. मात्र ४८ तास आधी कळवावे लागते. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांतही आगाऊ सूचनेची हीच मुदत आहे. आपल्याकडे १९९५ च्या कायद्याची जागा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने घेतली. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले असून सार्वजनिक इमारती व वाहने सर्वांस सुगम करण्याचे बंधन घातले आहे. न्यायालयानेही याची दखल घेतली आहे. २०१२ साली मेंदूच्या पक्षाघाताने अपंग असलेल्या जीजा घोष या कार्यकर्तीस कोलकात्याहून गोव्यास निघालेल्या विमानातून उतरविण्यात आले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांस दहा लाख रुपये भरपाई देवविली आणि अपंग व्यक्तीची प्रतिष्ठा ही दयेची बाब नसून हक्काची बाब आहे, हे स्पष्ट केले.

तिकीट काढतानाच खुर्चीची मागणी नोंदवावी. विमानवाल्यांच्या भाषेत तिचे तीन प्रकार आहेत. जो पायऱ्या चढू शकतो पण लांब चालू शकत नाही त्यास ‘डब्ल्यू सी एच आर’, ज्यास पायऱ्याही चढता येत नाहीत त्यास ‘डब्ल्यू सी एच एस’ आणि ज्यास आसनापर्यंत नेऊन बसवावे लागते त्यास ‘डब्ल्यू सी एच सी’. या शेवटच्या अक्षरांत चूक झाली तर विमानाच्या दारापाशी पंचाईत होते. स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत नेता येते. तेथून ती सामानाच्या कोठीत जाते आणि प्रवाशास एका अरुंद खुर्चीतून आसनापर्यंत नेतात. खुर्ची विजेरीवर चालणारी असेल तर विजेरीचा प्रकार आधी कळवावा लागतो; काढून ठेवता येणारी लिथियमची विजेरी ३०० वॉट-तासांपेक्षा मोठी चालत नाही आणि ती सामानात न टाकता जवळ बाळगावी लागते. खुर्चीची छायाचित्रे निघण्यापूर्वी घ्यावी. मोडतोड झाल्यास सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी लागते, असा माँट्रियल कराराचा नियम आहे. मोठ्या, दोन वाटांच्या विमानात बहुधा एक सुगम शौचकूप असते. ते आहे किंवा नाही, याची चौकशी संकोच न करिता करावी. आमच्या कुटुंबाची निम्मी भीती या एका गोष्टीची होती आणि सहा महिने ती तिने आम्हांसही सांगितली नव्हती.

धुळ्याहून मुंबईस जावयास आम्ही मोटार केली. जळगाव हे मुंबईच्या हमरस्त्यावरील रेल्वे स्थानक आहे, तेथे २०१२ पासून विमानतळही आहे; परंतु आगगाडीच्या डब्याच्या उंच पायऱ्या, फलाट व डबा यांमधील फट आणि गाडीचा अल्प थांबा यांचा हिशेब केल्यावर मोटारच बरी वाटली. अपंगांसाठी निराळा डबा आणि तिकिटात सवलत रेल्वेने दिली आहे, तिचा लाभ ज्यास शक्य असेल त्याने अवश्य घ्यावा. छोट्या विमानतळावरून निघणाऱ्यांनी, विमानात चढण्यास उतरण किंवा उचलयंत्र आहे काय, हे आधी विचारावे.

मुंबईच्या विमानतळावर आमची कसोटी लागली. मागणी नोंदविलेली असूनही नेणारा माणूस पाऊण तास आला नाही. ज्या कोणाची ती चूक असेल त्याचे नाव आम्ही येथे घेत नाही. परंतु त्या पाऊण तासात आमच्या डोळ्यांपुढे फेब्रुवारी २०२४ मधील बातमी उभी राहिली. न्यूयॉर्कहून आलेल्या ऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांनी व त्यांच्या पत्नीने दोन खुर्च्या मागितल्या होत्या. एकच मिळाली. पत्नीस तिच्यात बसवून ते मागून चालत निघाले आणि याच विमानतळावर कोसळून मरण पावले. महासंचालनालयाने त्या विमान कंपनीस तीस लाख रुपये दंड केला. तेव्हा वाचकांस आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांस दम लागतो, त्यांनी ‘आम्ही काही पांगळे नाही’ अशा अभिमानाने खुर्ची नाकारू नये आणि मागितलेली खुर्ची आल्यावाचून जागचे हलू नये. भिडेपायी जीव जाऊ शकतो.

लंडनात उतरल्यावर मुलगी भाड्याची मोटार घेऊन आली होती. ती तेथील सुप्रसिद्ध काळी टॅक्सी. २००० सालापासून ही प्रत्येक टॅक्सी खुर्चीसह आत शिरता येईल अशीच असली पाहिजे, असा तेथे दंडक आहे. चालकाने एक फळी उलगडली, खुर्ची आत ढकलली आणि ‘बाई, नीट बसलात ना?’ अशा अर्थाचे काहीसे विचारून तो आपल्या जागी गेला. उचलाउचल नाही, बघ्यांचा घोळका नाही. कुटुंबाने पदर तोंडावर घेतला नव्हता, हे आमच्या बऱ्याच वेळाने लक्षात आले.

तेथील बसगाड्यांची रचना पाहून तर आम्ही थक्क झालो. गाडीचा तळ खाली असतो. चालकाने कळ दाबली की दारातून उतरण बाहेर येते. खुर्चीवाल्यास भाडे पडत नाही. आत खुर्चीसाठी एक जागा राखून ठेविलेली असते. या जागेवरूनही तंटा झालेला आहे. मुलाची गाडी घेऊन बसलेल्या बाईने जागा सोडली नाही, म्हणून एका अपंग गृहस्थाने बस कंपनीवर दावा लावला आणि २०१७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, चालकाने नुसती विनंती करून थांबणे पुरेसे नाही. सांगण्याचा मुद्दा असा की, ही सोय तेथील लोकांसही आयती मिळालेली नाही. भांडून मिळविलेली आहे.

चौथ्या दिवशी कुटुंब म्हणाले, “आज तुम्ही मागे राहा. मी पुढे जाते.” ती स्वतःच्या हातांनी चाके फिरवीत उतरणीवरून बसमध्ये चढली आणि आम्ही मागून धापा टाकीत गेलो. सहा वर्षांत प्रथमच ती आमच्यापुढे चालली होती. ‘चालली’ हाच शब्द आम्ही बुद्ध्या वापरीत आहो.

परंतु परदेश म्हणजे स्वर्ग, असा समज कोणी करून घेऊ नये. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ सालची. तिच्या २७२ स्थानकांपैकी सुमारे तृतीयांश स्थानकांतच पायऱ्यांवाचून जाता येते. २०२२ साली सुरू झालेल्या एलिझाबेथ मार्गाच्या मात्र सर्व ४१ स्थानकांत रस्त्यापासून फलाटापर्यंत पायरी चढावी लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये ४७२ स्थानकांपैकी निम्म्यांनाही लिफ्ट नाही. पॅरिसच्या भुयारी रेल्वेतही चौदाव्या मार्गासारखे अपवाद सोडले तर बहुतेक ठिकाणी जिनेच आहेत. याउलट सिंगापूर आणि वॉशिंग्टन येथील भुयारी रेल्वेच्या सर्व स्थानकांत लिफ्ट आहे. जुन्या शहरांस पायऱ्यांचा वारसा मिळाला, नव्यांनी तो नाकारला. आम्हांसही एके दिवशी एका स्थानकात लिफ्ट बंद असल्याने तासभर अडकून पडावे लागले. अखेरीस कर्मचाऱ्यांनी टॅक्सी करून दिली. पैसे घेतले नाहीत. दिलगिरी मात्र व्यक्त केली.

मुंज यथासांग झाली. सभागृहास उतरण होती. बटूने भिक्षेसाठी झोळी पुढे केली, तेव्हा आईनंतर आजीची पाळी आली. इतर स्त्रियांस त्याच्यासाठी वाकावे लागत होते. आजीस वाकावे लागले नाही, कारण खुर्चीत बसलेली आजी आणि आठ वर्षांचा बटू यांचे डोळे नेमके एका उंचीवर आले होते. तिने झोळीत तांदूळ घातले आणि त्याच्या मुंडन केलेल्या डोक्यावरून हात फिरविला. आम्ही एकटेच आलो असतो तर काय गमावले असते, हे आम्हांस तेव्हा कळले.

परतल्यावर घराच्या दाराशी पुन्हा त्या तीन पायऱ्या! शेजारचे दोघे तरुण नेहमीप्रमाणे धावत आले. कुटुंबाने त्यांस थांबविले, आज शेवटचे उचला म्हणून सांगितले आणि आत जाताच आम्हांस म्हणाली, “उद्या गवंड्याला बोलवा.”

उतरणीचे गणित प्राथमिक शाळेतील आहे. एक फूट उंचीस बारा फूट लांबी, हे सर्वमान्य प्रमाण. आमच्या तीन पायऱ्या सहा सहा इंचांच्या, म्हणजे उंची दीड फूट, म्हणजे उतरण अठरा फूट हवी. अंगण सरळ रेषेत बाराच फूट भरले. म्हणून गवंड्याने नऊ फुटांवर सपाट चौथरा करून उतरण तुळशीवृंदावनाला वळसा घालून आणखी नऊ फूट नेली. एका बाजूस कठडा बसविला. काम सहा दिवसांत संपले. विलायतेच्या तिकिटांपुढे हा खर्च काहीच नव्हता आणि तो आम्ही सहा वर्षे केला नव्हता! द्रव्य कमी पडले नव्हते, सुचलेच नव्हते. उचलणारे खांदे मिळत होते, म्हणून वाट बांधावी असे मनात आले नाही.

आमच्या खानदेशापासून जवळच अजिंठ्याची लेणी आहेत. तेथे पायऱ्या चढू न शकणाऱ्यांस डोलीत बसवून नेतात. डोली वाहणाऱ्यांचे श्रम आम्ही कमी लेखीत नाही. परंतु डोली आणि उतरण यांत एक मोठा भेद आहे. डोलीत माणूस नेला जातो. उतरणीवरून तो जातो. आपल्या समाजात दया पुष्कळ आहे, खांदेही पुष्कळ आहेत. वाटा मात्र थोड्या आहेत. सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये ‘सुगम्य भारत’ अभियान आरंभिले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम ऐच्छिक न ठेवता बंधनकारक करण्यास बजाविले. हे सर्व होईल तेव्हा होईल. पण आपल्या ओटीच्या, मंगल कार्यालयाच्या, वाचनालयाच्या आणि देवळाच्या पायऱ्यांसाठी दिल्लीच्या हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही.

उतरण वाळल्यावर पहिल्या सकाळी कुटुंब पिशवी मांडीवर घेऊन पाचकंदिलाकडे भाजीस निघाली. आम्ही सोबत होतो, पण खुर्चीस हात लावण्याची आम्हांस मनाई होती. रस्त्यात खड्डे होते, दुचाक्या आडव्या येत होत्या, दोनदा मदत घ्यावी लागली. तरीही ती बाजारात पोचली. सहा वर्षे घरात भाजी आम्हीच आणीत होतो आणि रोज बोलणी खात होतो. तिने भेंडीचे टोक मोडून पाहिले, तिसऱ्या ढिगातली पसंत केली आणि आमच्याकडे वळून म्हणाली, “याला कोवळी म्हणतात.”